औटकीचा झेल

शकूच्या हळदीला मांडव जांभळीच्या फांद्यांनी गच्च भरला, पाहुणे मांडवात मावेनात, आणि चुली मात्र पेटायचं नाव घेईनात. गोविंदानं तिवराची लाकडं आणली होती, ती ओली. धुरानं बायकांचे डोळे लालभडक झाले.

"लाकडा आनायची ती सुकवायची पन असतात, ह्ये तुना कोनी सांगितला नाय का रं?" सगुणा धाकट्या भावावर डाफरली.

गोविंदा नुसता हसला आणि आणखी एक ओला ओंडका चुलीत सारला. उत्तर दिलं नाही. तो कधी देतच नसे. थोरला भाऊ काळुराम आसपास असला की गोविंदाच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे बंद कालव नखानं उघडण्यातली गत, आणि काळुराम तर सदा आसपासच असायचा.

सगुणाला मात्र कुणी आसपास असल्या-नसल्याची पर्वा नव्हती. नवरा गेला आणि ती खोपटला माहेरी परत आली तेव्हा गावाला वाटलं होतं, आली बिचारी भावांच्या ताटात. कसली बिचारी! पाच-सहा वर्षांत ती धवलारीण झाली, लग्नात धवले म्हणजे लग्नगीतं गाणारी. आता खोपटपासून पार मानपाड्यापर्यंत कुठल्याही आगऱ्याच्या घरी लग्न निघालं की आधी सगुणाला सांगावा जायचा आणि मग वाजंत्र्यांना. देवांना आवतण द्यायचं तिनं, हळद दळताना गायचं तिनं, नवरा-नवरीला पाटावर बसवायचं तिनं. तिच्या गळ्यासमोर तिचं पांढरं कपाळ कुणी बघत नसे.

आज तर घरचंच कार्य. शकू ही काळुरामची पोर. आई लहानपणीच गेली, तेव्हा वाढवली ती सगुणानंच. तिच्या धवल्यात काही कमी पडू द्यायचं नाही म्हणून सगुणानं आपली जोडीदारीण कमळाबाई हिला मानपाड्याहून आदल्या दिवशीच आणून ठेवली होती. कारण धवला एकटीनं होत नाही. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं ती जशीच्या तशी उचलायची, तेवढ्यात पहिलीनं श्वास घ्यायचा आणि पुढची ओळ मनात धरायची. ह्या उचलण्याला सगुणा झेल म्हणायची. आणि एकदा सुरू केलेला धवला मध्ये तुटू द्यायचा नाही, नवरीला ते चांगलं नसतं, ही तिच्या गुरूची ताकीद होती.

सगळं कसं जागच्या जागी होतं. आणि तेवढ्यात डोक्यावर मासळीची पाटी घेऊन भिवाजी मांडवात शिरला.

भिवा हा कोळीवाड्यातल्या जनाबाईचा मुलगा आणि गोविंदाच्या महिपतचा शाळासोबती. दोघं तेरा-चौदाचे, दोघं ठाण्याच्या शाळेत एकाच इयत्तेत, दोघं दाराजवळच्या शेवटच्या तरटावर बसणारे. त्यानं पाटी खाली ठेवली, घाम पुसला आणि सगळ्यांदेखत सगुणाला विचारलं, "आते, महिपतचा ताप उतरला काय?"

"कसला ताप?"

मास्तरांना रोज मारायची थाप सवयीनं इथंही तोंडातून गेली आणि भिवानं जीभ चावली. पण आता चावून काय उपयोग! मांडवाच्या खांबाला टेकून काळुराम पाहुण्यांशी बोलत होता, त्याचं बोलणं थांबलं.

"भिवा," काळुराम म्हणाला, "इकडं ये. कसला ताप, सांग."

काळुरामनं नुसतं नाव घेतलं तरी मिठागरावरची माणसं ताठ उभी राहायची, तिथं ह्या पोराची काय कथा. भिवानं एका दमात सगळं ओकून टाकलं. दिपोटीसाहेब शाळा तपासायला आले होते, त्यांनी महिपतला एकट्याला उभं करून औटकी विचारली. महिपतनं साडेतीनच्या त्या पाढ्याची पहिली ओळ म्हटली आणि तो गप्प झाला. साहेब म्हणाले, पुढे. तरी गप्प. पुन्हा पहिल्यापासून म्हण म्हणाले. पुन्हा पहिली ओळ, पुन्हा गप्प. मग पोरं हसली. सगळ्यांत मोठ्यानं हसला तो कचेरीतल्या कारकुनाचा रतन. त्या दिवसापासून महिपत शाळेत आलाच नाही.

"मास्तरना मी सांगतो, कदी ताप आलाय, कदी खोकला आलाय म्हनून," भिवा म्हणाला. "त्याची जागा पन मी धरून ठेवलीय आबा, तिथं कोनाला बसू देत नाय."

पोरगा रोज सकाळी पाटी-दप्तर घेऊन घरातून निघत होता. तीच त्याच्या हातावर भाकरी ठेवत होती. संध्याकाळी मात्र ती सूप घेऊन तांदूळ पाखडायला बसली की शेजारी येऊन बसायचा तो येईनासा झाला होता, आणि तिनं ते लग्नाच्या गडबडीवर घातलं होतं. किती वर्षांचा त्यांचा नेम! तो पाढ्याची ओळ टाकायचा, ती झेलायची. अक्षर एक येत नव्हतं तिला, पण त्याच्या मागून बोलून बोलून दिडकी, अडीचकी सगळं तोंडपाठ झालं होतं.

"महिपत!" काळुरामनं हाक मारली.

भाताच्या कणगीमागून महिपत बाहेर आला. या वर्षी तो एकदम उंच झाला होता, हातपाय कुठं ठेवावेत ते त्याला कळत नसे. आता तर मान इतकी खाली की नुसता शेंडीचा गोंडा दिसावा.

"शालंत जात नवतास तर कुठं जात होतास?"

"बंदरावर."

"काय करायला?"

महिपत पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरू लागला.

"औटकी येत नवती तर अभ्यास का नाय केलास?"

महिपतच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मानपाड्याचे पाहुणे, वरपक्षाचे दोघे जण, वाजंत्री, सगळे बघत होते. सगुणाला काळुरामचा चेहरा दिसत होता, आणि त्या चेहऱ्यावर रागाच्या आधी जे येऊन गेलं तेही तिला दिसलं. काळुरामची मान खाली गेली होती. मिठखात्याचा कारकून मिठागरावर येऊन कागद वाचून दाखवायचा आणि काळुराम नुसता मान डोलवायचा, कागदात तेच आहे की भलतंच, हे देवाला ठाऊक. म्हणून त्यानंच हट्टानं पुतण्याला शाळेत घातलं. गावानं नावं ठेवली तेव्हा लहानग्या महिपतला खांद्यावर बसवून भर गावातून शाळेपर्यंत नेलं. आणि आज त्याच गावासमोर हे.

"झाला तेवढा पुरे," काळुराम म्हणाला. "हळद उतरली की पोऱ्या मिठागरावर. मीठ ओढंल, बांध घालंल, चार मानसांसारका राहील. शाला बंद."

"दादूस, जरा दमानं," सगुणा म्हणाली. "काय झाला ते तरी कळू दे."

"काय कळायचा राहिलाय? चारचौघांत आपल्या घरानं तोंड उघडला आनि बंद केला. झाला!"

तुळसा, महिपतची आई, चुलीपाशी होती. ती थोरल्या दिरासमोर बोलत नसे; बोलायचं ते त्याला ऐकू जाईल अशा बेतानं सगुणाला सांगायची. आताही तिनं डोक्यावरचा पदर सावरला आणि सगुणाकडं तोंड केलं. "वन्सं, ते म्हनतात तसाच होऊ दे. पोर माजा वाळून चाललाय. रातचा दचकून उठतो. काय करायची ती शाला? घरात असंल तर डोळ्यांसमोर तरी असंल."

म्हणजे बघा, एकाला पोरानं लाज आणली म्हणून शाळा नको, दुसरीला पोराची माया आली म्हणून शाळा नको. दोन टोकांची माणसं एका बाजूला जाऊन बसली आणि सगुणा एकटी पडली. तिनं गोविंदाकडं पाहिलं. बापानं तरी एक शब्द बोलावा. गोविंदा चूल फुंकत होता.

"तू बाप हायस ना रं त्याचा?" ती म्हणाली.

गोविंदानं फुंकणी खाली ठेवली, भावाकडं पाहिलं, आणि पुन्हा उचलली.

बोलली ती शकू. नवरीनं पाटावरून बोलायचं नसतं, पण शकू कुणाची पोर होती हेही ध्यानात घ्या. "आबा," ती म्हणाली, "ह्याची शाला बंद करनार असाल तर हळद पन बंद. मी ही उठली पाटावरून."

मांडवात एकदम गलका झाला. वरपक्षाचा म्हातारा हसू दाबायला दुसरीकडं बघू लागला. "बस खाली!" काळुराम ओरडला, पण त्या ओरडण्यात पहिला जोर नव्हता. पोरीच्या हट्टापुढं तो नेहमीच नरम पडायचा.

"तुजा उद्या लगीन हाय गो," सगुणा तिच्याजवळ गेली. "बस. महिपतचा मी बघतां."

"बघशील ना आते?"

"शब्द दिला."

शब्द तर दिला, पण कसा बघणार ते सगुणालाही ठाऊक नव्हतं. तिला एकच गोष्ट पक्की माहीत होती, महिपतला औटकी येत होती. झोपेतून उठवून विचारली तरी आली असती. मग तो एका ओळीवर का थांबला? त्याच्याकडं पाहून तिनं खूण केली, ये इकडं. तो आला नाही. कणगीच्या मागं परत गेला. भिवा त्याच्या मागोमाग गेला आणि शेजारी बसून राहिला.

हळदीची वेळ टळून चालली होती. सगुणानं कमळाबाईला हाक मारली, दोघी शकूच्या पाटाशेजारी समोरासमोर बसल्या, आणि सगुणानं धवला धरला.

मग मांडव आपोआप शांत झाला. सगुणाचा आवाज काही गोड नव्हता, पण रुंद होता, सगळ्यांना पुरायचा. ती एकेका देवाला बोलवू लागली. गावदेवीला बोलावलं, खाडीला बोलावलं, मिठागराच्या बांधावरच्या शेंदऱ्या धोंड्याला बोलावलं. कमळाबाई ओळ झेलत होती. बायकांनी शकूच्या गालाला हळद लावली. शकूच्या मेलेल्या आईचं नाव आलं तेव्हा काळुरामनं खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं.

आणि तेवढ्यात वारा फिरला. तिन्ही चुलींचा धूर भसकन मांडवात आला, थेट कमळाबाईच्या तोंडावर. तिनं झेलायला तोंड उघडलं होतं, धूर आत गेला, आणि बाई खोकली ती अशी खोकली की थांबेचना. ओळ तशीच हवेत राहिली.

सगुणा थांबली. पुढची ओळ तिला येत होती. इतकी वर्षं हाच धवला गात आली होती ती. पण कुणी झेललंच नाही तर पुढं जाणार कशी? श्वास कुठं घेणार? तिनं तोंड उघडलं, आणि आतून काहीच आलं नाही. एवढी सगुणा धवलारीण, आणि भर मांडवात दगडासारखी बसून राहिली. बायकांचे हळदीचे हात थबकले. तुळसा चुलीपासून उठून उभी राहिली. शकूच्या डोळ्यांत भीती आली. धवला तुटत होता.

तेव्हा कणगीमागून आवाज आला. फुटत चाललेला, अर्धा पोराचा अर्धा बाप्याचा, पण चालीत नेमका. सगुणानं टाकलेली ओळ जशीच्या तशी त्यानं उचलली.

पुरुषानं धवला झेललेला कुणी कधी ऐकला नव्हता. वाजंत्र्यांपैकी एकजण फिसकन हसला. पण सगुणाला श्वास मिळाला होता. तिनं पुढची ओळ टाकली. कणगीमागून झेल आला. आणखी एक. पुन्हा झेल. कमळाबाई डोळे पुसत, पाणी पीत सावरली आणि शेवटच्या चार ओळी तिनं घेतल्या. शकूला कपाळापासून पायापर्यंत हळद लागली आणि धवला पुरा झाला.

सगुणा उठली नाही. आत्ता ती जशी बसली होती, तसाच तो दिपोटीसमोर उभा होता! वर्गात रोज पोरं एकसुरात पाढे म्हणायची, घरी ती झेलायची. एकट्यानं सगळा पाढा म्हणायची पाळी त्याच्यावर आयुष्यात कधी आलीच नव्हती. तिनंच त्याला तसा शिकवला होता. ती हादरली, पण तिला मनातून हायसंही वाटलं, कारण आता दुखणं सापडलं होतं.

"महिपत," ती मोठ्यानं म्हणाली, "बाहेर ये. भिऊ नको, ये. साहेबासमोर तू इसरला नवतास ना?"

तो कणगीच्या कडेला उभा राहिला. मान हलवली. नाही.

"तू वाट बघत होतास. कोन तरी झेलंल म्हनून."

बस्स. इतका वेळ दगड झालेल्या पोराचा चेहरा एकदम विरघळला. "कोनीच झेलला नाय आते," तो म्हणाला, आणि मांडवभर पाहुण्यांसमोर हमसून हमसून रडायला लागला. "मी थांबलू. परत बोललू, परत थांबलू. सगली हसली."

तुळसा धावली. पण तिच्या आधी भिवा होता, त्यानं महिपतच्या पाठीवर हात ठेवला. "मना म्हाईत असता तर मी झेलला असता ना येड्या," तो म्हणाला. "मना वाटला, तू इसरलास. सांगायचा नाय काय?"

काळुराम खांबाजवळ तसाच उभा होता. "म्हंजे त्याला औटकी येते?" त्यानं विचारलं.

"येते का? ऐक आता," सगुणा म्हणाली. "महिपत, डोले पूस. इथंच उभा राहा, शकूच्या पाटाजवल. कर सुरू."

"आता? मांडवात?"

"मग काय दिपोटीला आवतण देऊ?"

कुणीतरी हसलं, महिपतही डोळे पुसता पुसता जरासा हसला. त्यानं घसा साफ केला. "एक औट साडेतीन," तो म्हणाला. आणि थांबला.

सगळे सगुणाकडं पाहू लागले. सगुणानं ओठ घट्ट मिटून घेतले. तिनं झेललं असतं तर सोपं होतं. पण ती झेलते हे त्याला ठाऊकच होतं. आज आणखी कुणीतरी झेलायला हवं होतं. एका श्वासाचा वेळ गेला, दोन श्वासांचा गेला. महिपतच्या कानांच्या पाळ्या पुन्हा लाल व्हायला लागल्या. बोला रं कोनी तरी, मेल्यांनो, ती मनात ओरडली.

"एक औट साडेतीन."

आवाज चुलीकडून आला होता. फुंकणी हातात घेऊन गोविंदा उभा होता. थोरल्या भावाच्या डोळ्यांसमोर, भरल्या मांडवात, गोविंदा बोलला होता! रोज संध्याकाळी पडवीत जाळी विणत बसल्या बसल्या त्यानंही सगळं ऐकलं होतं, हे कुणाच्या गावी नव्हतं.

महिपतनं बापाकडं असं पाहिलं, जणू तो आज पहिल्यांदाच दिसला. "बे औट सात," तो म्हणाला.

"बे औट सात," गोविंदा म्हणाला. भिवाही म्हणाला. पुढच्या ओळीला शकूनं झेललं. मग तुळसा, पदराआडून. पाच औट साडेसतराला काळुरामचा भरदार आवाज त्यात मिसळला, आणि मग मांडवच मागून बोलू लागला. काळुराम तर असा रंगात आला की झेलायचं सोडून स्वतःच पुढं धावला. "सात औट पंचवीस!" त्यानं ठोकून दिलं.

"साडेचोवीस, आबा," महिपत म्हणाला.

मांडव हसून हसून लोळला. काळुरामनं क्षणभर डोळे वटारले, आणि मग तोही हसला, पोट हलेपर्यंत. "बरोबर बोलतो पोऱ्या," तो वरपक्षाच्या म्हाताऱ्याला म्हणाला. "आमच्या घरातला शिकलेला हाय तो."

"दादूस, मग मिठागर?" सगुणानं विचारलं.

"मिठागर कुठं पलून चाललाय? आधी शाला." मग तो हळू आवाजात म्हणाला, "पन तिथं हा मांडव नाय गो. तिथं एकट्यालाच उभा राहाया लागंल."

"एकट्याला कशाला? मी हाय," भिवा म्हणाला. "मोठ्यानं नाय. ओठांतल्या ओठांत झेलीन."

तुळसानं भिवाच्या हातात हळदीच्या जेवणाचं पहिलं ताट दिलं. तिचा विचार कधी बदलला ते तिनं सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मांडवातून वेळ काढून तिनं महिपतचा शाळेचा सदरा धुऊन वाळत घातला होता, तो सगुणानं पाहिला.

शकू सासरी गेली. मांडव उतरला, जांभळीची पानं वाळून अंगणभर झाली, आणि त्यानंतरच्या सोमवारी सकाळी महिपत शाळेला निघाला. बरोबर काळुराम, गोविंदा आणि सगुणा. वाटेवर भिवा येऊन मिळाला.

"खांद्यावर घेऊ काय रं?" काळुरामनं विचारलं.

"आबा!" महिपत चार पावलं पुढं पळाला. काळुरामच्या खांद्याला त्याचं डोकं लागत होतं.

मास्तर शाळेच्या पायरीवर उभे होते. वयानं पिकलेले, धोतर स्वच्छ, उपरण्याला शाईचा डाग. एवढी माणसं येताना पाहून ते जरा चकित झाले. काळुराम वहाणा काढून खाली उभा राहिला. मिठागरावर दणाणणारा माणूस, इथं त्याला सुरुवात कुठून करावी ते कळेना. म्हणून सांगितलं ते सगुणानंच, धवल्यापासून धुरापर्यंत सगळं.

मास्तरांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. "म्हणजे तो थांबत होता," ते शेवटी म्हणाले. "आणि मला वाटलं, साहेबांच्या धास्तीनं विसरला. आजारी आहे असं हा भिवाजी रोज सांगत होता. रोज नवा आजार असे. मी समजायला हवं होतं." त्यांनी महिपतकडं पाहिलं. "तू आलास, बरं झालं हो. वर्गात तुझी उणीव भासत होती. आज औटकी म्हणशील?"

महिपतनं भिवाकडं पाहिलं.

"तो तुझ्या शेजारीच उभा राहील," मास्तर म्हणाले. "आणि आजपासून तुम्ही दोघं दाराजवळ नाही, पुढच्या तरटावर बसायचं. चला आत. मंडळी, आपण जरा बाहेर थांबावं."

मंडळी चिंचेखाली थांबली. खिडकी उंच होती, दिसत काही नव्हतं. आत पोरांची कुजबुज झाली, कुणीतरी खिदळलं, मास्तरांची पट्टी मेजावर वाजली. मग महिपतचा आवाज.

"एक औट साडेतीन."

सगुणाचे ओठ आपोआप उघडले. तिनं पदराचा बोळा करून तोंडात कोंबला. तिचा झेल नको होता इथं, तो आता आतूनच यायला हवा होता. आतून भिवाचा बारीक पुटपुटता आवाज आला. मग दुसरी ओळ. मग तिसरी. चौथ्या ओळीला भिवाचा आवाज ऐकू येईनासा झाला. सगुणानं कान टवकारले. महिपत ओळीच्या शेवटी किंचित थांबत होता, श्वास घेत होता आणि आपला आपण पुढं जात होता. सात औट साडेचोवीसला काळुरामनं मान डोलवली, जसं काही त्याला पहिल्यापासून ठाऊकच होतं.

"दहा औट पस्तीस."

"शाबास!" मास्तर म्हणाले. "बैस. रतन, आता तू म्हण."

हसणारा तो हाच, हे सगुणाला भिवाकडून कळलं होतं. तिनं पदराचा बोळा काढला आणि नीट ऐकू लागली, मनात थोडं वाईटच ठेवून. रतनचा आवाज खणखणीत निघाला. पाच ओळी त्यानं धडाधड म्हटल्या. "सहा औट एकवीस," तो म्हणाला, आणि अडकला.

वर्ग चिडीचूप झाला. मग कुणीतरी मागं फिसकन हसलं. रतनचा पाय जमिनीवर घासल्याचा आवाज आला. त्याला वेळ कुणी देत नव्हतं, आणि सगुणाला वाटलं, बरं झालं मेल्याला.

"सहा औट एकवीस."

हळू, फुटका, अर्धा पोराचा अर्धा बाप्याचा आवाज. पुढचं काही सांगितलं नव्हतं त्यानं. रतनची ओळ उचलून रतनलाच परत दिली होती, एवढंच.

रतननं श्वास घेतला. तो चिंचेखालपर्यंत ऐकू आला. "सात औट साडेचोवीस," तो म्हणाला, आणि पुढं निघाला.

सगुणाच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं पुसलंही नाही. "चला," ती भावांना म्हणाली. "आता आपला इथं काय काम?"

काळुरामनं वहाणा पायात सरकवल्या. गोविंदा मात्र जागचा हलला नाही.

"थांब ना दादूस," तो थोरल्या भावाला म्हणाला. "पस्तीसपर्यंत ऐकू."

काळुरामनं धाकट्याकडं पाहिलं. मग वहाणा परत काढल्या आणि चिंचेच्या मुळावर बैठक मारली.